सोनिक व्हिज्युअलायझर: तारवाद्याचा नाद पडद्यावर कितपत दिसतो?

निकाल आधीच सांगतो. तारवाद्याच्या नादाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे नादातल्या वारंवारता वेळेनुसार दाखवणारं रंगीत चित्र, काढायचा असेल, तर मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरांत सोनिक व्हिज्युअलायझर सगळ्यात कामाचं आहे. मात्र फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम लावल्यावर पहिल्यांदा जे चित्र समोर येतं, त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नये. तीन-चार सेटिंगं बदलल्यावरच ते वाचण्याजोगं होतं. आणि तेव्हाही एकट्या चित्रावरून ‘हे वाद्य चांगलं’ असं ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की या दोन मुद्रणांत फरक नेमका कुठे आहे. तार बदलली, घोडी घासली, पिकऐवजी बोटाने छेडलं, तर नादात काय हललं, या प्रश्नाचं उत्तर मात्र हे सॉफ्टवेअर फार चोख देतं.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या सेंटर फॉर डिजिटल म्युझिकमध्ये ते तयार झालं. मुक्तस्रोत आहे, जीपीएल परवान्याखाली मिळतं, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हे ध्वनीचं संपादन करणारं सॉफ्टवेअर नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घेतलेलं बरं. निवडलेला तुकडा नव्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट करता येतो, पण कापाकापी, आवाज वरखाली करणं, गोंगाट पुसणं यातलं काही इथे नाही. ती कामं ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात करून फाइल इकडे आणायची. बघणं आणि मोजणं एवढंच याचं काम, आणि त्यात ते पक्कं आहे.

रचना सोपी आहे. पडदा आडव्या ‘पेन’मध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक पेनवर एकावर एक ‘लेयर’ चढवता येतात. एकाच फाइलचे दोन वेगळ्या सेटिंगचे स्पेक्ट्रोग्राम वर-खाली ठेवता येतात. ‘इम्पोर्ट मोअर ऑडिओ’ वापरून दुसरी फाइल त्याच सत्रात आणली की दोन्ही एकाच वेळपट्टीवर बसतात आणि एकत्र सरकतात. तारवाद्यासाठी या सॉफ्टवेअरची खरी किंमत इथे आहे.

विंडो साइझ

स्पेक्ट्रोग्राम काढताना ध्वनीचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कुठल्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे ते रंगाने दाखवलं जातं. तुकडा किती सॅम्पलचा (मुद्रणात ओळीने घेतलेल्या सुट्या मोजमापांचा), ते विंडो साइझ ठरवते. ४४१०० हर्ट्झला मुद्रित केलेल्या फाइलमध्ये १०२४ सॅम्पलचा तुकडा २३ मिलिसेकंदांचा होतो आणि वारंवारतेचे कप्पे ४३ हर्ट्झच्या अंतराने पडतात. ४०९६ ला ९३ मिलिसेकंद आणि १०.८ हर्ट्झ. ८१९२ ला १८६ मिलिसेकंद आणि ५.४ हर्ट्झ. १६३८४ ला ३७२ मिलिसेकंद आणि २.७ हर्ट्झ. वेळ आणि वारंवारता दोन्ही एकदम बारकाईने मिळत नाहीत. एक वाढवलं की दुसरं कमी होणारच.

कप्पा ५.४ हर्ट्झचा आहे म्हणून ५.४ हर्ट्झच्या अंतरावरचे दोन स्वर सुटे दिसतील, असं मात्र नाही. नेहमी वापरली जाते त्या हॅन विंडोत एका शुद्ध स्वराची रेघ चार कप्पे रुंद पसरते. म्हणजे दोन रेघा स्वच्छ वेगळ्या दिसायला त्यांच्यात चार कप्प्यांचं अंतर हवं. गिटारची सगळ्यात जाड ई तार ८२.४ हर्ट्झची असते, त्यामुळे तिचे हार्मोनिकही, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीत येणारे स्वर, तेवढ्याच अंतराने येतात. १०२४ च्या विंडोत चार कप्पे म्हणजे १७२ हर्ट्झ. सगळ्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पडद्यावर नुसता रंगांचा लगदा दिसतो. २०४८ ला ८६ हर्ट्झ, म्हणजे जेमतेम काठावर. ४०९६ ला ४३ हर्ट्झ, आणि रेघा सुट्या होतात. व्हायोलिनच्या १९६ हर्ट्झच्या जी तारेला २०४८ पुरते.

हिशोब असा लक्षात ठेवायचा: सॅम्पल रेटला मूळ स्वराच्या वारंवारतेने भागायचं, चाराने गुणायचं आणि येईल त्या आकड्याच्या वरची पहिली विंडो घ्यायची. तंबोऱ्याच्या ६९.३ हर्ट्झच्या खर्जाला २५४५ येतात, म्हणून ४०९६.

छेडण्याचा क्षण बघायचा असेल तर सगळं उलटं. तिथे २५६ किंवा ५१२ ची विंडो लावायची. २५६ ची विंडो ५.८ मिलिसेकंदांची असते, आणि गिटारच्या त्या ई तारेचं एक आवर्तन १२.१ मिलिसेकंदांचं. विंडो आवर्तनाहून लहान झाली की आडव्या रेघा नाहीशा होऊन उभे पट्टे दिसू लागतात. प्रत्येक पट्टा म्हणजे तारेवरून गेलेली लाट घोडीवर एकदा आदळल्याची खूण. नखाचा खरखराट, पिकचा टकटकाट, तबलीचा धप्प असा आवाज, हे सगळं इथे वेगवेगळं ओळखता येतं आणि लांब विंडोत ते सगळं पुसलं जातं. म्हणून एका फाइलसाठी दोन पेन ठेवायचे, वरचा ५१२ चा, खालचा ८१९२ चा. त्यातल्या एकाच पेनवर सगळं भागवायला गेलं की गडबड होते.

लांब विंडोचा आणखी एक सापळा आहे. तुकडा वेळेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असल्यामुळे १६३८४ ची विंडो लावली, की तार छेडण्याच्या पावणेदोनशे-एक मिलिसेकंद आधीपासूनच फिकट रेघ सुरू झालेली दिसते. ‘तार वाजायच्या आधी लाकूड बोलतं’ असे शोध लागतात ते यामुळे.

ओव्हरलॅप, म्हणजे लागोपाठचे तुकडे एकमेकांवर किती चढतात ते प्रमाण, ९३.७५ टक्क्यांवर ठेवायचा. ४०९६ च्या विंडोत मग दर २५६ सॅम्पलला, म्हणजे ५.८ मिलिसेकंदांनी, एक नवा स्तंभ काढला जातो आणि चित्र गुळगुळीत दिसतं. पण गुळगुळीतपणा म्हणजे बारकावा नव्हे. तुकडा ९३ मिलिसेकंदांचाच राहतो.

बाकीची सेटिंगं, आणि त्यातलं सगळ्यात घातक

उजवीकडच्या गुणधर्मांच्या पट्टीत रंगांची मोजपट्टी डेसिबलवर ठेवा. रेषीय मोजपट्टीवर पहिले तीन-चार हार्मोनिक सोडले तर बाकी सगळं काळं पडतं, आणि नादाचं वैशिष्ट्य तर वरच्या हार्मोनिकांतच असतं. थ्रेशोल्ड (ज्याच्या खालचं काही दाखवलं जात नाही ती पातळी) उणे ६० ते उणे ७० डेसिबलच्या आसपास ठेवला की खोलीचा गोंगाट झाकला जातो आणि तारेच्या रेघा उरतात. वारंवारतेचा अक्ष हार्मोनिकांमधलं अंतर तपासायचं असेल तर रेषीय, स्वरांची नावं वाचायची असतील तर लॉग. लॉगवर डाव्या कडेला पियानोच्या पट्ट्या येतात, त्याची सोय होते.

घातक सेटिंग म्हणजे नॉर्मलायझेशन. ते स्तंभागणिक लावलं, की प्रत्येक स्तंभातली सगळ्यात मोठी ऊर्जा तेवढ्याच तेजस्वी रंगाची होते. छेडल्यानंतर चार सेकंदांनी तार जवळजवळ शांत झालेली असली, तरी चित्रात ती पहिल्याइतकीच लखलखीत दिसते. नाद किती टिकतो याची तुलना करताना हे चालू राहिलं तर सगळंच मुसळ केरात. ‘मेलॉडिक रेंज स्पेक्ट्रोग्राम’ हा तयार प्रकार ४० ते १५०० हर्ट्झचाच पट्टा दाखवतो. गाण्यातली सुरावट बघायला तो उत्तम, तारेच्या नादासाठी अपुरा. तो वापरायचाच असेल तर नॉर्मलायझेशन काय आहे ते आधी बघा. नादाच्या ऱ्हासाशी संबंध असलेल्या प्रत्येक तुलनेत ते बंदच हवं. प्रेफरन्सेसमध्ये फाइल आत घेतानाच आवाज सारखा करण्याचा पर्याय आहे, तोही बंद हवा.

‘पीक फ्रीक्वेन्सी स्पेक्ट्रोग्राम’ ही खरी मेजवानी. तो लागोपाठच्या तुकड्यांमधल्या फेजच्या (कंप आवर्तनात कुठवर आला आहे त्याच्या) फरकावरून प्रत्येक शिखराची वारंवारता कप्प्याच्या रुंदीपेक्षा कितीतरी बारीक काढतो. कप्पा १०.८ हर्ट्झचा असला तरी सुट्या, स्थिर रेघेची वारंवारता हर्ट्झच्या अंशापर्यंत वाचता येते. अट तीच, रेघ सुटी आणि स्थिर हवी. छेडण्याच्या क्षणी आणि दोन रेघा एकमेकींत मिसळल्या असतील तिथे हे आकडे बिनभरवशाचे असतात. म्हणून वाचन घ्यायचं ते छेडल्यानंतर साधारण अर्ध्या सेकंदाने. जोरात छेडलेली तार सुरुवातीला ताण वाढल्यामुळे किंचित चढी असते आणि मग खाली उतरते. ही घसरणही या चित्रात नीट दिसते.

मोजमापाचं हत्यार निवडून कर्सर एखाद्या रेघेवर नेला, की तिची वारंवारता, जवळचा स्वर आणि सेंटमधला (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या शंभराव्या भागांतला) फरक दिसतो. शिवाय त्या वारंवारतेच्या पटीत हार्मोनिक कुठे यायला हवेत याच्या बारीक खुणाही उमटतात. कर्सर पहिल्या हार्मोनिकवर ठेवायचा आणि वरच्या रेघा खुणांवर बसतात की वर सरकतात ते बघायचं. अर्धं काम इथेच होतं.

मुद्रण बिघडलं तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही

स्पेक्ट्रोग्राममधले बहुतेक ‘फरक’ वाद्याचे नसून मायक्रोफोनच्या जागेचे असतात. माइक १० सेंटीमीटर सरकला तरी वरच्या हार्मोनिकांची उंची बदलते. वाद्यापासून ५० सेंटीमीटर ते १ मीटरवर स्टँडवर माइक लावायचा, वाद्य आणि माइक दोन्हींच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवायच्या आणि तुलनेतली सगळी मुद्रणं एकाच बैठकीत करायची. दिशादर्शी माइक फार जवळ नेला की तो खर्ज फुगवतो, आणि मग वाद्याचं पोट फार बोलतंय असं वाटतं.

फोनवर मुद्रण करायचं तर आपोआप आवाज सारखा करणारी आणि गोंगाट दाबणारी सोय बंद करता येईल असं अॅप हवं. ती चालू असली की नाद विरत जाताना फोन आवाज चढवत राहतो, खोलीचा गोंगाट वर येतो आणि ऱ्हासाचा उतार खोटा होतो. फाइल वेव्ह हवी, ४४१०० किंवा ४८००० हर्ट्झ, जमल्यास २४ बिट. कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ कापल्यासारखी कड दिसते. ती वाद्याची नव्हे, फाइल लहान करणाऱ्या कोडेकची. मेसेजिंग अॅपवरून आलेल्या व्हॉइस नोटवर तर वेळ घालवूच नये.

पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोराचा छेड उणे १२ डेसिबलच्या पुढे जाणार नाही. माथा कापला गेला की तारेत नसलेले हार्मोनिक जन्माला येतात आणि वाद्य उगाच ‘तेज’ दिसतं. अगदी सरळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी आडवी रेघ ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत दिसली, तर ती विजेची घरघर समजा. तारेच्या रेघा विरतात, घरघर विरत नाही.

एका तारेचा अभ्यास करायचा असेल तर बाकीच्या तारांमध्ये फेल्टची किंवा कापडाची पट्टी ओवून त्या मुक्या करायच्या. नाहीतर त्या आपोआप कंपू लागतात आणि त्यांच्या रेघा या तारेच्या नावावर जमा होतात. छेड दरवेळी सारखा यावा म्हणून प्रयोगशाळांत एक युक्ती वापरतात: ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तांब्याच्या तारेचा फास वाद्याच्या तारेभोवती अडकवायचा आणि तो तुटेपर्यंत हळूहळू ओढायचा. तांबं दरवेळी जवळपास तेवढ्याच ताणाला तुटतं, त्यामुळे तार सुटण्याचा जोर एकसारखा राहतो. बोटाने छेडायचं तर प्रत्येक स्थितीचे निदान पाच-सहा छेड घ्यावेत. त्यांच्या आपसातल्या फरकापेक्षा दोन स्थितींमधला फरक मोठा असेल तरच त्याला फरक म्हणायचं.

तारेवर काय काय वाचता येतं

पहिली चाचणी छेडण्याच्या जागेची करावी, कारण तिचं उत्तर आधीच माहीत असतं आणि आपली मांडणी बरोबर आहे की नाही ते कळतं. तार तिच्या लांबीच्या पाचव्या भागावर छेडली तर पाचवा, दहावा, पंधरावा हार्मोनिक गळतो, कारण त्या जागी त्यांचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या गिटारवर ही जागा घोडीपासून १३० मिलिमीटरवर येते. बाराव्या फ्रेटवर, बरोबर मध्यावर छेडलं तर सगळे सम हार्मोनिक फिकट होतात. पूर्ण नाहीसे होत नाहीत, कारण बोटाला रुंदी असते आणि घोडीही थोडी हलते. हे गाळलेले दात चित्रात दिसले नाहीत तर पुढे जाऊ नका. विंडो, थ्रेशोल्ड किंवा नॉर्मलायझेशन यात कुठेतरी चूक आहे.

दुसरी गोष्ट तारेच्या कडकपणाची. आदर्श तारेचे हार्मोनिक मूळ स्वराच्या नेमक्या पटीत येतात, पण खऱ्या तारेला वाकताना जो विरोध होतो त्यामुळे वरचे हार्मोनिक थोडे चढे होतात, आणि जितका वरचा हार्मोनिक तितका जास्त. पोलादी तारेचा कडकपणाचा गुणांक ०.०००१ धरला तर विसावा हार्मोनिक सुमारे ३४ सेंट चढा निघतो. तार जाड, आखूड किंवा सैल असेल तर हा आकडा झपाट्याने वाढतो. जाड तारेला एका गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून बनवतात ते यासाठीच, की वजन वाढावं पण कडकपणा वाढू नये. रेषीय अक्षावर कर्सरच्या खुणा आणि खऱ्या रेघा यांतलं अंतर वर वर वाढत जाताना बघणं, हा या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात समाधानाचा भाग आहे.

हीच तुलना व्हायोलिनच्या एकाच तारेवर एकदा गज ओढून आणि एकदा बोटाने छेडून करावी. छेडलेल्या तारेचे हार्मोनिक चढत जातात, पण गजाने वाजवलेल्या तारेचे सगळे हार्मोनिक काटेकोर पटीत बसतात, कारण गज तारेला दर आवर्तनाला पकडतो आणि सोडतो, आणि सगळे हार्मोनिक त्याच ठेक्यात बांधले जातात. तार, वाद्य, माइक सगळं तेच असतं, तरीही दोन चित्रं वेगळी दिसतात.

जुन्या आणि नव्या तारांमधला फरक बघायला नॉर्मलायझेशन बंद करून ४ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा बघा. गुंडाळीत मळ आणि घाम साचला की वरचे हार्मोनिक पहिल्या अर्ध्या सेकंदातच विझतात. खालचे जवळजवळ तेवढेच टिकतात. म्हणून जुनी तार ‘कमी’ वाजत नाही, मंद वाजते.

रेघ विरताना तिची चमक सारखी कमी-जास्त होत असेल तर ती तार दोन दिशांनी, तबलीला काटकोनात आणि समांतर, किंचित वेगळ्या वारंवारतेने कंपतेय. हलकी लय असेल तर ते नैसर्गिक आहे. पण एकाच तारेवर सगळीकडे ठळक ठोके दिसत असतील, तर तार खराब असण्याची शक्यता आधी तपासावी.

वाद्याच्या पोकळ पेटीचे अनुनाद शोधायला स्वर सरकवत न्यायचा. तारेच्या रेघा वर-खाली जातात, पण काही आडवे पट्टे जागच्या जागी उजळतात. हे पट्टे तारेचे नसून पेटीचे असतात. व्हायोलिनमध्ये हवेचा मुख्य अनुनाद २७०-२८० हर्ट्झच्या आसपास सापडतो. ध्वनिक गिटारमध्ये हवेचा १०० च्या आणि तबलीचा २०० च्या आसपास. चेलोतला ‘वुल्फ’ स्वरही, म्हणजे पेटीच्या अनुनादाशी भांडून थरथरणारा स्वर, असाच पकडता येतो. छोट्या विंडोत तो सेकंदाला साधारण पाचेक ठोक्यांचा थरथराट दिसतो. हाच थरथराट ३२७६८ च्या विंडोत एकाऐवजी जवळजवळ चिकटलेल्या रेघा म्हणून दिसतो. दोन्ही चित्रं खरी आहेत.

तंबोरा: सॉफ्टवेअरची खरी परीक्षा

वर सांगितलेला छेडण्याच्या जागेचा नियम तंबोऱ्यावर लावून बघा. तो मोडतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात हेच नोंदवलं होतं, की जवारी लावलेल्या, म्हणजे तार पाठीला चाटेल अशा घासलेल्या, रुंद घोडीमुळे, छेडण्याच्या जागी ज्यांचा निस्पंद बिंदू आहे ते हार्मोनिकही जोरात ऐकू येतात. स्पेक्ट्रोग्रामला हे कसं दिसतं ते बघण्यासारखं आहे.

मांडणी अशी: पंचम आणि जोडाच्या तारा मुक्या करा, फक्त खर्जाची ठेवा. विंडो ८१९२, ओव्हरलॅप ९३.७५ टक्के, अक्ष रेषीय, ० ते ४००० हर्ट्झ. आधी तार आणि घोडी यांच्यामधला दोरा काढून मधोमध छेडा. सम हार्मोनिक फिकट, बाकीचे सगळे छेडताक्षणी सर्वांत तेजस्वी आणि मग सरळ विरत जाणारे, म्हणजे साध्या तारेचं चित्र. आता दोरा घालून जवारी खुली होईपर्यंत सरकवा आणि तसंच छेडा. सम हार्मोनिक परत येतात. वरचे काही हार्मोनिक छेडताक्षणी नव्हे, तर त्यानंतर उजळतात. आणि उजळपणाचा एक तिरपा पट्टा वरून खाली उतरत जातो. तार घोडीच्या वक्र पाठीला दर फेरीत चाटते आणि ऊर्जा एका हार्मोनिकातून दुसऱ्यात ढकलते. कंप लहान होत गेला की हे चाटणंही बदलतं, म्हणून पट्टा सरकतो. कान ज्याला जवारीचा झंकार म्हणतो तो हाच तिरपा पट्टा.

नॉर्मलायझेशनच्या नियमाला अपवाद करायचा तर इथेच. स्तंभागणिक लावलं की नाद विरत असतानाही पट्ट्याचा उतार शेवटपर्यंत दिसत राहतो. दोऱ्याच्या दोन जागांची तुलना या उतारावरून करायची. दोरा केसभर हलला तरी उतार बदलतो, म्हणून प्रत्येक जागेचं मुद्रण नाव देऊन वेगळं ठेवा.

चारही तारा मोकळ्या सोडल्यावर वाचण्याजोगी आणखी एक जागा मिळते. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्यात खर्ज ६९.३ हर्ट्झचा, जोड १३८.६, आणि शुद्ध पंचम १०३.९५. खर्जाचा तिसरा हार्मोनिक आणि पंचमाचा दुसरा, दोन्ही २०७.९ हर्ट्झवर पडतात. पंचम अर्धा हर्ट्झ जरी सरकलेला असला तरी इथे एक हर्ट्झचा फरक पडतो आणि ही रेघ सेकंदाला एकदा उजळते-मंदावते. सेकंदातले ठोके मोजायचे, निम्मे करायचे, तेवढ्या हर्ट्झने पंचम चुकलेला. चढा की उतरलेला, ते मणी किंचित सरकवून ठोके वाढतात की घटतात यावरून.

खर्जाच्या पाचव्या हार्मोनिकवर, ३४६.५ हर्ट्झला, स्वयंभू गंधार असतो. सॉफ्टवेअर तिथे समान अंतराच्या पियानो पट्टीशी तुलना करून सुमारे १४ सेंट उतरलेला असा शेरा देईल. तो शेरा पियानोच्या पट्टीबद्दल आहे. खुंट्यांना हात लावू नका.

कुठे खटकतं, आणि दुसरं काय वापरावं

सगळ्यात मोठी तक्रार अशी की दोन पेनची सेटिंगं एकमेकांशी बांधता येत नाहीत. एकात थ्रेशोल्ड बदलला तर दुसऱ्यात हाताने बदलावा लागतो, आणि एक विसरला की तुलना गेली. यावर उतारा म्हणजे सेटिंगं एकदा नीट लावून सत्र टेम्प्लेट म्हणून एक्स्पोर्ट करणं आणि पुढच्या फाइलला तेच लावणं. रंगांच्या तेजाचं चाक अनवधानाने फिरतं, त्याकडेही लक्ष हवं. मदतीची पानं चांगली आहेत, पण ती गाणं-संगीत विश्लेषणाच्या अंगाने लिहिलेली. घोडी घासणाऱ्याला काय लागतं ते त्यात शोधावं लागतं.

ऑडॅसिटी झटपट बघायला पुरते. मूळ विंडो २०४८, ती वाढवता येते, आणि ‘रीअसाइनमेंट’ पद्धत लावली की रेघा छान बारीक होतात. ‘हाय बूस्ट’ शून्यावर आहे ना ते बघा. एखाद्या क्षणाची शिखरं वाचायला तिथला ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ सोपा. मात्र दोन चित्रं वर-खाली ठेवून हार्मोनिकांच्या खुणा लावून बघणं तिथे जमत नाही.

प्राट हे आम्स्टरडॅम विद्यापीठातलं, बोलण्याच्या अभ्यासासाठी केलेलं. त्याची मूळ विंडो ५ मिलिसेकंदांची आणि पट्टा ५००० हर्ट्झपर्यंतचा, त्यामुळे तारेचे हार्मोनिक सुटे दिसतच नाहीत, विंडो ०.०५ ते ०.१ सेकंद करावी लागते. शिवाय ते वरच्या वारंवारता दर सप्तकाला ६ डेसिबलने उचलून दाखवतं. बोलण्यासाठी ते बरोबर आहे, पण तारेची तेजस्विता जोखताना हे प्री-एम्फसिस शून्य करायलाच हवं. शंभरएक फाइलींवर एकच मोजणी करायची असेल तर मात्र प्राटची स्क्रिप्ट सोयीची पडते.

फोनवरची स्पेक्ट्रोग्राम अॅप तार सुरात लावताना किंवा घरघर कुठून येते ते शोधताना बरी. त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन दोन वाद्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण रंगांची पातळी बहुधा आपोआप बदलत असते.

एक शेवटची खबरदारी. सोनिक व्हिज्युअलायझरच्या सत्राच्या फाइलमध्ये ध्वनी साठवलेला नसतो, फक्त तो कुठे आहे त्याचा पत्ता असतो. मुद्रणं दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की सत्र उघडताना ती सापडत नाहीत आणि दाखवून द्यावी लागतात. सत्राची फाइल आणि वेव्ह फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि फाइलीच्या नावातच तार, छेडण्याची जागा आणि माइकचं अंतर लिहा.